दाराबाचे डोळे

द्वारकेच्या गालाला काहीतरी ओलं लागलं. थेटराचा वरचा पत्रा गळत असेल असं वाटून तिनं मान वर केली. बाहेर चैत्राचं ऊन भाजून काढत होतं, त्यात पत्रा कशाचा गळतोय! तिनं पदरानं गाल पुसला, तर तो पुन्हा ओला झाला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. तेही दाराबासाठी. तिला स्वतःची अशी चीड आली की तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. शेजारी सगीरा बुरख्याची जाळी मागं टाकून हुंदके देत होती. पलीकडं साळूवहिनीनं नाकाला पदर लावला होता. म्हातारी सारजाबाई, जिला आता पडद्यावरचं धड दिसतही नव्हतं, ती "काय गं झालं, काय झालं" असं विचारत विचारतच रडत होती. समोर मीर दाराबाचा चेहरा दाराएवढा मोठा झाला होता. त्याच्या डाव्या डोळ्यात पाणी भरलं होतं आणि ते पडत नव्हतं. माडीवर बसलेला बायकांचा सगळा जनाना ते पाणी पडायची वाट बघत होता. मग ते पडलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "या अल्ला" म्हणालं.

खेळ संपत आला तशी दारावरची बाई लगबगीनं आली आणि तिनं जनान्यापुढचा निळा पडदा ओढून घेतला. दिवे लागायच्या आत तो ओढला गेलाच पाहिजे, नाहीतर खाली बसलेले पुरुष माना वर करून बघणार. अंधार झाला की सरकवायचा, उजेड व्हायच्या आत ओढायचा, हा थेटराचा नेम होता. पडद्यामागं बायका नाकं पुसत होत्या, लेकरं हुडकत होत्या, आणि एकमेकींकडं ओल्या डोळ्यांनी बघून हसत होत्या. "आँखां देखे क्या उसके?" सगीरा म्हणाली. तिनं द्वारकेचा हात धरला होता, डावा, आणि तो आपल्या छातीशी दाबला होता. द्वारकेनं हात सोडवून घेतला. ती चपला घालायला वाकली आणि जरा वेळ वाकलेलीच राहिली, कारण तिचा चेहरा अजून ताळ्यावर आलेला नव्हता.

गेलं वर्षभर ह्याच बायकांनी ह्याच दाराबाला शिव्या घातल्या होत्या. हैद्राबादेहून एक उर्दू मासिक निघे, ते सगीराचा भाऊ तिला पाठवी, आणि जिच्यावरून हा खेळ निघाला ती दाराबाची कादंबरी त्यात तुकड्यातुकड्यानं येई. दुपारी औरंगाबादेतल्या नवाबपुऱ्यात सगीराच्या अंगणात बायका हिमरू कापडाच्या मागांसाठी दोऱ्याच्या कांड्या भरायला बसत. सगीराचा नवरा हबीब आत मागावर असे, खटखट चालू असे, आणि बाहेर सगीरा वाचे. वाचणारीनं कांड्या भरायच्या नाहीत, तिच्या वाट्याच्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या, असा तिथला रिवाज होता. मीर दाराब हा मोठा जहागीरदार. तो कधी हात उचलत नाही, कधी आवाज चढवत नाही. सकाळी कचेरीला निघताना बायकोच्या चपला उचलतो, कपाटात ठेवतो, कुलूप लावतो आणि किल्ली शेरवानीच्या खिशात टाकून जातो. संध्याकाळी आला की स्वतःच्या हातानं चपला तिच्या पायांपुढं मांडतो आणि म्हणतो, जा, आता अंगणात फिरून ये. एवढंच. पण सगीरा ते अशा सपाट आवाजात वाची की भर उन्हात बायकांच्या अंगावर काटा येई. अंगणात दोन तट पडले होते. सारजाबाई म्हणायची, "जीव लावतो म्हून कुलूप लावतो. ज्याला जीव नाय लावायचा तो दार उघडं टाकून जातो." तिच्या बाजूच्या दोघी-तिघी माना डोलवायच्या. सगीरा मासिक मांडीवर उपडं टाकून तिच्याशी भांडायची. "कसाई है वो अम्मा, कसाई! कसाई बी बकरे को प्यार से पकडताच." दाराबाचं नाव आलं की सगीराच्या बाजूच्या बायका कानशिलाशी बोटं कडाकडा मोडायच्या. ऐकणाराला वाटावं, अंगणात सरपणाची फाटी तोडताहेत.

द्वारका त्या अंगणात आली तेव्हा ही लढाई ऐन भरात होती. ती लासूर स्टेशनाहून भावाकडं, कडूबा आणि साळूवहिनीकडं, भाच्याच्या बारशाला म्हणून आली होती आणि परत गेली नव्हती. आठ-पंधरा दिवस कुणी काही विचारलं नाही, मग विचारू लागले. एका दुपारी दाराबाचं नाव आलं, बायकांनी बोटं मोडली, आणि सगीरा गमतीनं तिला म्हणाली, "तुम कायकू नै तोडते? उसके तरफ के हो क्या?" द्वारकेनं डावा हात पुढं केला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही पेरापासून वाकडी झालेली, ताठ. ती मोडता येत नव्हती. कसं झालं म्हणून कुणीतरी विचारलं, आणि तिनं पहिल्यांदाच, कुणापुढंही पहिल्यांदाच, सांगितलं. सारजाबाईनं पुढं होऊन ती बोटं आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, "बाई बाई बाई. ह्यो तर निव्वळ दाराब." त्या दिवसापासून सारजाबाईनं दाराबाची बाजू सोडली. अंगणातले दोन तट मिटले. काकासाहेबांचं, म्हणजे द्वारकेच्या नवऱ्याचं, नाव नवाबपुऱ्यात कुणी घेत नसे, त्याला दाराबच म्हणत. लासूरहून निरोप आला तेव्हा कडूबानं छाती पुढं काढून सांगितलं होतं, बहीण नांदायला येणार नाही. कडूबा मुळात इतका धीट नव्हता. सगळी गल्ली पाठीशी होती म्हणून तो धीट होता, आणि गल्ली पाठीशी होती ती एका कागदावरच्या माणसामुळं, हे द्वारकेला तेव्हाही कळत होतं. कळून काय करणार? पाठीला भिंत लागली की माणूस टेकतो, ती कुणी बांधली हे कोण विचारतं?

थेटरातून घरी येताना गुलमंडीपासून साऱ्याजणी एकच बोलत होत्या. खेळात दाराबाचं लहानपण दाखवलं होतं. त्याची आई त्याला झोपलेला टाकून निघून जाते, पोरगं जागं होतं, दारापर्यंत धावतं, आणि उंबऱ्यावर आईच्या चपलांची जागा रिकामी असते. मासिकात ह्यातलं अवाक्षर नव्हतं. "आता कळलं का," साळूवहिनी म्हणाली, "चपला का लपवायचा त्यो? भेव व्हतं वो त्याच्या मनात. परत कुणी जाईल म्हून." सारजाबाई म्हणाली, "मी आधीपासूनच म्हनत व्हते." आणि शेवट! मासिकात शेवटी त्याची बायको मेहेर भर उन्हात अनवाणी निघून जाते आणि दाराब खिडकीतून बघतो, नोकराला म्हणतो, पंखा ओढ. तिथंच कादंबरी संपते. सगीरानं ते वाचलं तेव्हा पाणी प्यायला मागितलं होतं. खेळात मात्र दाराब तिच्या मागं धावतो, तोही अनवाणी, चपला छातीशी धरून. दगडांवरून धावणारे त्याचे पाय, रक्ताळलेले, दाखवले. मग तो तिच्यापुढं बसतो, चपला तिच्या पायात घालतो, आणि तो डोळा.

"मैं गलत पढी थी गे द्वारका," सगीरा म्हणाली. दोघी जरा मागं राहिल्या होत्या. "इत्ते दिन गलत आवाज में पढी. वो जालिम नै था. डरा हुआ था, बोलना नै आता था उसकू. किताब में आँखां कां दिखते?"

"किताबात तिचे पाय दिसत व्हते," द्वारका म्हणाली.

"कौन के?"

"मेहेरचे. तू वाचलंस की. फरशी कशी तापली व्हती, फोड कुठं आला, किती पानं व्हतं ते! ह्यात तिचे पाय दावले का? सगळा येळ त्याचेच पाय."

सगीरानं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे अजून सुजलेले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की द्वारकेला तिच्याशी भांडावंसं वाटेना. "तू बी तो रोई," सगीरा हळूच म्हणाली. "मैं देखी ना."

हेच ते. हाच काटा घेऊन द्वारका घरी आली आणि तो कुठल्याही कुशीवर झोपू देईना. बाकीच्या रडल्या त्याचं तिला काही नव्हतं. बायका सारजाबाईच्या मेलेल्या शेळीसाठीही रडल्या होत्या. पण आपण का रडलो? ती चुलीपुढं बसली की तेच, कांड्या भरायला बसली की तेच. तिला वाटे, शरीरानं आपल्याला न विचारता साक्ष दिली. वर्षभर ती सांगत होती की मला त्या घराची, त्या माणसाची अंगभर शिसारी आहे, आणि डोळ्यांनी भर जनान्यात सांगून टाकलं की नाही, हिच्या आत अजून काही आहे. मग ती तो दिवस मुद्दाम आठवून बघे. लासूरचं घर, आडतीच्या मागचं. दुपारची औरंगाबादेकडं जाणारी गाडी शिट्टी देई तेव्हा ती मागच्या दारात येऊन उभी राही. गाडी बघायला. गाडीत बसायचं तिच्या मनातही नसे, डबे जाताना खिडक्यांतली माणसं दिसत, एवढंच. त्या दिवशी तिचा डावा हात चौकटीवर होता. नवरा मागून आला. सरकीचा भाव काय झाला ते सांगत होता, पाचोडच्या बाजारात काय झालं ते सांगत होता, आणि सांगता सांगता त्यानं दार लोटलं. आपटलं नाही. लोटत आणलं, बोटांवर आलं तरी थांबला नाही, अंगाचा भार दिला, आणि बोलणं मध्येच तुटू दिलं नाही. ती ओरडली तेव्हा गाडी जात होती. नंतर त्यानंच हळद गरम करून आणली. बोटांना लावली. हळद चांगली जाड लावली होती त्यानं. हे सगळं ती पुन्हा पुन्हा आठवी, अगदी वास येईपर्यंत, आणि आपल्याला पूर्वीसारखा संताप येतो की नाही ते तपासून पाही. संताप येई. मग बरं वाटे. मग पुन्हा तो पडद्यावरचा डोळा आठवे आणि ती स्वतःलाच शिवी देई.

गल्लीत तर दाराबाचं राज्य आलं होतं. हबीबच्या घरातल्या नव्या सुनेला बायका चिडवत, "तुझा दाराब आला गं", आणि ती पोरगी लाजून आत पळे. गेल्या वर्षी हेच कुणी म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. सगीरानं मासिकाचे जुने अंक काढले आणि बायकांच्या आग्रहाखातर पहिल्यापासून वाचायला घेतले. शब्द तेच होते, पण आता ती दाराबाचं बोलणं भरल्या गळ्यानं वाचे. जा, अंगणात फिरून ये. ह्या वाक्याशी ती थांबे आणि उसासा टाके. बायका उसासा टाकत. कागदावर एकही अक्षर बदललेलं नव्हतं आणि माणूस मात्र बदलला होता. त्याला आता आई होती, बालपण होतं, मुंबईच्या त्या नटाचा चेहरा होता. द्वारका कांडीवर दोरा ओढत बसे आणि तिला वाटे, ओरडावं, अगं त्यानं कुलूप लावलंय! कुलूप लावलंय, त्याचं काय झालं? कुणी त्या कुलपाविषयी बोलेना. एकदा ती म्हणालीच. सारजाबाई तिची पाठ कुरवाळत म्हणाली, "मन मोठं करावं माय. माणूस वरून दगुड दिसतो, आत पाणी असतं." द्वारकेला हसू आलं. आतल्या पाण्याचं तिला काय करायचं होतं? तिचा हात दगडाखाली होता.

आणि मग एका दुपारी, पाण्यासाठी नहरीच्या टाक्यापाशी उभी असताना, तिला एकदम उमगलं. घागर भरत होती, पाण्यात तिचाच चेहरा हलत होता, आणि तिला आठवेना की काकासाहेबांचा चेहरा कसा आहे. हात आठवत होते, नखं, अंगठ्याच्या मुळाशी असलेला तीळ. पाय आठवत होते, पावलांचा आवाज कुठल्या खोलीतून येतोय ते झोपेतही सांगता आलं असतं. खाकरणं आठवत होतं. चेहरा नाही. ती त्या घरात इतकी नांदली आणि तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं मान वर करून बघितलंच नव्हतं. आधी लाजेनं, मग भीतीनं. कुठल्याच पुरुषाच्या चेहऱ्याकडं असं बघितलं नव्हतं, भावाच्यासुद्धा. त्या अंधारात पहिल्यांदा एक पुरुषाचा चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ, कुणी टोकणारं नसताना बघायला मिळाला. पापण्यांचे केस मोजता आले असते. मग रडू येणार नाही तर काय! कुणाच्याही चेहऱ्याकडं तितका वेळ बघितलं तर माणसाला कणव येईल, मग तो कसाई असो की त्याचा बकरा. थेटरवाल्यानं मेहेरचा चेहरा तितका वेळ दाखवला असता तर सारी गल्ली तिच्यासाठी ऊर बडवत घरी आली असती. घागर भरून वाहायला लागली तरी द्वारका उभीच होती. मागची बाई खेकसली तेव्हा तिनं घागर उचलली. तिला जरा मोकळं वाटलं. पण जराच, कारण उमगलं तरी रडू आलेलं खरंच होतं.

त्याच आठवड्यात शनिवारी कडूबा गिरणीतून सुटल्यावर कुणाला तरी भेटायला स्टेशनवर गेला आणि त्या रात्री जेवायला घरी आला नाही. सकाळी चहा पिताना तो द्वारकेकडं न बघता म्हणाला, "पाव्हणे आलेत लासूरहून. काल म्या त्यांना खेळ दावला."

"कंचा खेळ?" तिनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"आता दुसरा कंचा चाललाय? द्वारके, लई रडले गं. भायेर आल्यावर खांबाला धरून उभे व्हते. म्हनाले, कडूबा, हे माझंच हाय." कडूबाचा स्वतःचाही आवाज कापरा झाला होता. "मी इतके दिस ताठ ऱ्हायलो. पर माणूस असा रडल्यावर म्या काय करू सांग. येनार हायेत आता. तू कपडे भरून ठिव."

"कपडे कशाला?"

"वन्सं, आसं काय करताव," साळूवहिनी म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. वर्षभर तिनं नणंदेला ताटात कमी वाढलं नव्हतं. "आवं, दाराबाची बायकू बी गेलीच ना माघारी. तवा तुमच्या डोळ्याला पानी आलं, म्या बघितलं. आमच्यापासून काय लपवायचं?"

बघितलं. साऱ्यांनी बघितलं होतं. तो एक थेंब आता गल्लीत सगळ्यांच्या मालकीचा झाला होता आणि ज्याला त्याला तो पुरावा वाटत होता. द्वारकेनं भांडी उचलली आणि घासायला बसली. राख घेतली, घासलं, पुन्हा घासलं. तिच्या डोक्यात एकच विचार होता, आणि तो विचार कसला, प्रार्थनाच होती: तो माणूस खोटा निघू दे. त्यानं नाटक करू दे, नटासारखा ओठ दाबू दे, डोळे चोळून लाल करू दे, म्हणजे मी साऱ्यांपुढं बोट दाखवीन. खोटा निघाला तर सोपं होतं.

काकासाहेब आले ते ऊन चढल्यावर. ओसरीवर जाजम घातलं होतं त्यावर बसले. कडूबा शेजारी. आतल्या दाराशी साळूवहिनी, सारजाबाई, आणि बुरखा सावरत आलेली सगीरा, अशा तिघी दाटीनं उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढं द्वारका. पदर डोक्यावर होता, मान खाली. तिला त्याचे पाय दिसत होते. तेच पाय. पाणी दिलं ते त्यानं प्यायलं नाही. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"मला बोलता येत नाय," तो म्हणाला. "कधीच आलं नाय. तुझं घरातनं जाणं झालं, मग कळलं. ते मागचं दार म्या काढून टाकलं. बिजागऱ्यासकट. सुताराला बोलावलं न्हाई, आपल्या हातानं काढलं. आता नुस्ती चौकट हाय. रातच्याला कुत्री येत्यात घरात. येऊ दे म्हनलं."

दाराशी सारजाबाईनं श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. द्वारकेनं मान वर केली. पदर थोडा मागं सारला आणि भर उजेडात, भावादेखत, नवऱ्याच्या चेहऱ्याकडं सरळ पाहिलं. कडूबा चपापला. तिनं नजर हलवली नाही. हा असा आहे तर. कपाळ अरुंद. डाव्या भुवईत एक पांढरा केस. गालांची हाडं वर आलेली, वर्षभरात वाळला होता. एक कान दुसऱ्यापेक्षा बाहेर आलेला, पोरासारखा. डोळे त्या नटासारखे नव्हते, बारीक होते, कडा लाल होत्या, आणि त्यांत पाणी आलं होतं ते कसंतरी आलं होतं, नाकातूनही येत होतं, आणि तो ते रुमालानं पुसत नव्हता कारण रुमाल मांडीवर आहे हेच तो विसरला होता. त्यात नाटक नव्हतं. तिनं शोधलं, जीव तोडून शोधलं, आणि तिला सापडलं नाही. ह्या माणसाला खरंच वाईट वाटत होतं. तो रात्री त्या उघड्या चौकटीपाशी खरंच उभा राहत असेल. तिला त्याची दया आली. ती आली तशी तिनं येऊ दिली, थोपवली नाही, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अग्गो बाई," साळूवहिनी म्हणाली. "अगदी दाराब न् मेहेर." सगीरानं तोंडाला हात लावला. कडूबानं सुटकेचा श्वास टाकला आणि उगीचच उठून पुन्हा बसला. साळूवहिनीनं वेळ घालवला नाही. ती आत गेली आणि तांदळाचं सूप, नारळ, खण घेऊन आली, सगळं सकाळपासून काढून ठेवलेलंच होतं. द्वारकेला कुंकू लावलं, पदर पुढं धरायला लावला आणि ओंजळी भरभरून ओटी भरली. तांदूळ पदरात पडताना सर्र सर्र वाजत होते. नारळ ठेवला, त्यावर खण. एकदा ओटी भरली की माहेरात टेकायचं नसतं, सासरच्या वाटेला लागायचं असतं, हे द्वारकेला कुणी सांगायला नको होतं. वहिनीनं ओटी अशी घाईनं का भरली तेही तिला कळलं होतं. "उठा वो पाव्हणं," सारजाबाई म्हणाली. "गाडीची येळ व्हईल."

काकासाहेब उठले. रुमाल डोक्याला बांधू लागले. द्वारका उभी होती तिथंच उभी राहिली. पदराची झोळी दोन्ही हातांनी धरलेली, त्यात माहेरचं वजन, आणि डोळ्यांतून पाणी अजून वाहतच होतं. ते थांबायची वाट तिनं बघितली नाही.

"मी येत न्हाई," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. रडक्या आवाजात म्हटलेलं ते वाक्य साऱ्यांना दुसरंच काहीतरी वाटलं असावं. कडूबा म्हणाला, "आँ?"

"मी येत न्हाई. हितंच ऱ्हाणार."

"द्वारके, रडतीस तर खरी!" कडूबा ओरडला.

"रडतेय की. त्यांच्याकडं बघून रडतेय. खोटं कशाला बोलू? वाईट वाटतंय मला त्यांचं." तिनं पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. त्याचा रुमाल अर्धाच बांधून झाला होता. "तुम्हाला वाईट वाटलं, लई चांगलं झालं. दार काढलंत, तेबी चांगलं झालं. पर माझं डोळ्यातलं पानी म्हंजी माझा होकार न्हवं. पानी येईल, उद्या बी येईल. म्हून मी त्या घरात न्हाई यायची."

"मग म्या करू काय?" काकासाहेब म्हणाले. विचारलं ते अगदी खरं विचारलं, एखाद्या वाट चुकलेल्यासारखं.

"ते मला नका इचारू," द्वारका म्हणाली.

"लोक काय म्हनतील!" साळूवहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"म्हनू द्या. आज दाराबाच्या बाजूनं हायेत, पुढच्या साली दुसरा खेळ लागंल, तवा माझ्या बाजूनं व्हतील. मी काय दर खेळाला घर बदलू?"

सगीरानं बुरख्याची जाळी खाली ओढून घेतली. आतून ती रडत होती की हसत होती ते कळायला मार्ग नव्हता. द्वारका चार पावलं चालली, सुपापाशी आली, वाकली, आणि भरलेली ओटी तिनं सुपात रिती केली. असं कुणी करत नाही. सारजाबाई "अगं अगं अगं" म्हणत पुढं झाली आणि मध्येच थांबली. तांदूळ पसरले, नारळ घरंगळून भिंतीला लागला. पदराला चिकटलेले दाणेही द्वारकेनं झटकून सुपात टाकले, मग सूप उचलून वहिनीच्या हातात दिलं. नाक वाहत होतं ते मनगटानं पुसलं.

"ह्याचाच भात टाका आज, वहिनी," ती म्हणाली. "जेवायला माणसं रोजचीच हायेत."